घाटावरची कचेरी

तुळशीराम गुरुजींना मी सहा वर्षांत दोनदाच हसताना पाहिलं. पहिल्यांदा हसले ते ठीक होतं. दुसऱ्यांदा हसले ते हसायला नको होतं. त्यांच्याबरोबर आम्हीही हसलो, हे आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

अमडापूरच्या मराठी शाळेत ते हेडमास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखाली असिस्टंट. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये एका खिडकीचं अंतर. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चालायचा. नागपूरचा कागद अमरावतीला, अमरावतीचा बुलढाण्याला, असा उतरत उतरत आमच्या शाळेत पोचेपर्यंत त्यातला विषय शिळा झालेला असायचा. गुरुजी तो कागद दोन्ही हातांनी घेत, उभ्यानंच वाचत आणि मला म्हणत, "मास्तर, भाषा पाहा. मानसाले काहीच न सांगता दोन पानं भरली." सरकारी मराठीवर त्यांचा जीव होता. दुसरे लोक अभंग पाठ करतात, गुरुजींना परिपत्रकं पाठ होती.

अंगानं काटकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्याला कायम पागोटं. चेहरा असा की नव्या माणसाला वाटावं, यांच्या घरी आत्ताच काही वाईट घडलंय. तोच चेहरा ठेवून ते असं काही बोलून जात की समोरच्याला हसावं की सांत्वन करावं ते समजत नसे. मी रुजू झालो त्या दिवशी माझ्या हातात खडूची पेटी देऊन म्हणाले, "जपून वापरा. मागचे मास्तर हा खडू संपायच्या आधी रिटायर झाले." मी गंभीरपणे मान हलवली. मेहकरचा सरळ माणूस मी, मला पंधरा दिवसांनी उलगडा झाला.

शाळेत कुणीही तक्रार घेऊन आलं की त्यांचं एकच उत्तर: "कागद येऊ द्या." गावचे पाटील आले तरी तेच आणि पहिलीतलं पोर रडत आलं तरी तेच. सख्यानं माझी लेखणी घेतली, असं कुणी सांगितलं की गुरुजी म्हणायचे, "कागद येऊ दे." मग ते पोर डोळे पुसत बसून अर्ज लिहायचं: अर्जदाराची लेखणी सखाराम याने घेतली, सबब सखारामास मारावे. गुरुजी खाली शेरा मारायचे: "मारणे नामंजूर. लेखणी परत." आमच्या शाळेतली पोरं शुद्धलेखन असं भांडणातून शिकली. चौथीतल्या पोरांकडे गावातले बाप्ये अर्ज लिहून घ्यायला येत, आणि पोरंही भाव खात.

गुरुजी लेखक होते. खामगावहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात त्यांच्या गोष्टी आणि प्रहसनं छापून येत. गावाला त्याचं विशेष काही नव्हतं. मात्र तिथूनच त्यांना शेषराव मिळाला.

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला, असं विचारलं की गावाच्या आधी घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतात. गुरुजी घाटावरचे, शेषराव घाटाखाली वरवट बकालचा. जातीचा माळी, मळ्यात वांगी, मिरच्या, कांदा करणारा, चौथीपर्यंत शिकलेला आणि कविता लिहिणारा. त्याच साप्ताहिकात त्याच्याही कविता येत. गुरुजींची एक गोष्ट वाचून त्यानं पहिलं कार्ड टाकलं, ते मला गुरुजींनी दाखवलेलं आहे: "आपल्या गोष्टीतला ढवळ्या बैल पहिल्या पानावर डावीकडे जुंपलेला होता. तिसऱ्या पानावर तो उजवीकडे दिसला. मधल्या पानात त्यास सोडल्याचा उल्लेख नाही. बैलाची हरकत नसेल तर माझीही नाही."

गुरुजींनी उलट टपाली लिहिलं: "बैलाकडे चौकशी केली. त्याची हरकत नाही. मात्र आपण कोण, असे तो विचारतो."

तिथून जे सुरू झालं ते मी अमडापूरला गेलो तेव्हा अकरा वर्षं चाललेलं होतं. त्यांचा खेळ ठरून गेला होता. शेषरावानं अर्ज करायचा आणि गुरुजींनी हुकूम काढायचा. शेषराव सही करायचा "घाटाखालचा रयत", आणि गुरुजी वर लिहायचे "हुजूर कचेरी, मुक्काम घाटावर". हुकुमाला शिक्का लागतो, म्हणून गुरुजींनी रताळं कापून त्याच्यावर उलटी अक्षरं कोरली होती. ते रताळं खिडकीत ठेवलेलं असे. सुकलं की दुसरं कोरायचं. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या, "रताळे उपासाले आनाचे का कचेरीले, ते मले आधी सांगत जा म्हना."

अर्ज कशाचेही असत. एकदा शेषरावानं लिहिलं, दाढ दुखते, कचेरीनं ती रद्द करावी. हुकूम गेला: "नामंजूर. दाढ ही अर्जदाराची खाजगी मिळकत असल्याने कचेरीस त्यात हात घालता येत नाही." एकदा त्यानं लिहिलं, यंदा वांग्यात अळी फार, तिला गावाबाहेर जागा द्यावी. हुकूम: "नामंजूर. अळी अर्जदाराच्या आधीपासून वांग्यात राहते. ताबा तिचा आहे." शनिवारी शाळा सुटली की गुरुजी आलेला अर्ज आम्हा तिघा मास्तरांना वाचून दाखवत, आणि सोमवारी आपला हुकूम. आम्ही पोट धरून हसायचो आणि ते आमच्याकडे अशा नजरेनं पाहत की कचेरीच्या कामात हसण्यासारखं काय आहे.

इतक्या वर्षांत त्यांनी एकही अर्ज मंजूर केला नव्हता. मी एकदा विचारलं, "गुरुजी, एखादा तरी करा. बिचारा किती वर्षं लिहितोय."

ते म्हणाले, "मास्तर, मंजूर केला की फाइल बंद होते. नामंजूर केला की मानूस पुन्हा अर्ज करते."

त्यांची प्रत्यक्ष भेट एकदाच झाली. साप्ताहिकाच्या संपादकांनी दोघांना खामगावला बोलावलं. मीही कापडखरेदीसाठी गेलो होतो, म्हणून ती भेट डोळ्यांनी पाहिली. छापखान्याच्या अंगणात एका बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले. शेषराव बुटका, रुंद, हातांना मातीचा रंग कायमचा बसलेला. मला वाटलं, आता दोन तास पोट दुखेपर्यंत हसू.

गुरुजी म्हणाले, "पानी कसं काय हाय तुमच्याकडं?"

शेषराव म्हणाला, "बरं हाय. तुमच्याकडं?"

"बरं हाय."

मग दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत बसले. भजी आली, ती खाल्ली. चहा आला, तो प्याले. शेषराव एकदा म्हणाला, "गाडीची वेळ झाली." त्यावर गुरुजी म्हणाले, "हाव, झाली." एवढंच. येताना मोटारीत गुरुजींचा चेहरा इतका पडला होता की मला त्यांच्याशी बोलायचा धीर झाला नाही. मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

चौथ्या दिवशी नऊ पानांचा अर्ज आला. त्याची सुरुवात अशी होती: "परवा खामगाव मुक्कामी हुजुरांच्या नावाने वावरणारा एक इसम भेटला. त्यास बोलता येत नव्हते. तो तोतया असावा. चौकशी व्हावी." गुरुजी ते वाचताना हसले. आधी खांदे हलले, मग पागोटं सरकलं, मग डोळ्यांतून पाणी आलं. हे त्यांचं पहिलं हसणं. हुकूम तितकाच लांब गेला. त्यात होतं की तोतयांचा शोध घेण्यास कचेरीत शिपाई नाही, सबब अर्ज नामंजूर, आणि यापुढे उभयतांनी समक्ष भेटून एकमेकांच्या अब्रूस धोका पोचवू नये. दोघांनी तो हुकूम पाळला. पुन्हा ते भेटले नाहीत.

माझ्या दुसऱ्या वर्षी गुरुजींचा एकुलता एक मुलगा गेला. अकोल्याला शिकत होता. विषमज्वर झाला आणि आठ दिवसांत संपलं. गावानं करायचं ते सगळं केलं. शेषरावाचा मात्र कागद आला नाही. मला त्याचा राग आला होता. दाढ दुखली तर पाच पानं लिहिणाऱ्या माणसाला आता दोन ओळी सुचू नयेत, असं मी काकूंसमोर बोलूनही गेलो.

पण तिसऱ्या दिवसापासून खामगावच्या मोटारीवरून वरवटची एक टोपली येऊ लागली. मोटारवाला ती गुरुजींच्या ओट्यावर ठेवायचा आणि निघून जायचा. कधी मेथी, कधी वांगी, कधी कोवळ्या काकड्या. पूर्णा नदी ओलांडून, घाट चढून येईपर्यंत पालेभाजीनं मान टाकलेली असायची. काकू ती तरीही निवडायच्या. गुरुजींनी पहिल्या दिवशी टोपली उलटी करून पाहिली, चिठ्ठी आहे का म्हणून. चिठ्ठी नव्हती. तेराव्यापर्यंत रोज टोपली आली आणि एकाही टोपलीत कागद नव्हता. महिन्याभरानं मग अर्ज आला, तो एका वेलावर तीन दुधीभोपळे धरल्याबद्दल. गुरुजींनी तो नामंजूर केला. मुलाबद्दल त्या दोघांत एक अक्षरही लिहिलं गेलं नाही. मी मनातल्या मनात शेषरावाची क्षमा मागितली.

आता कार्डांबद्दल सांगायला हवं. मयताची बातमी कळवायची तर आपल्याकडे कार्डाचा एक कोपरा फाडतात. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. एके दिवशी गुरुजींच्या घरी असं कोपरा फाटलेलं कार्ड आलं. काकूंनी ते पाहिलं आणि न वाचताच आडावर जाऊन लुगड्यासकट डोक्यावर पाणी ओतून घेतलं. गुरुजी शाळेतून धावत गेले. कार्ड वरवट बकालचं होतं: "कळविण्यास दुःख होते की आमच्या वडिलांचे चिरंजीव खंडकाव्य हे काल पहाटे वाळवीच्या विकाराने वारले. मागे तीन सर्ग जिवंत आहेत." अक्षर शेषरावाच्या मुलीचं, वेणूचं. तिला अंगणात बसवून बापानं सांगायचं आणि तिनं हसू दाबून लिहायचं, असं त्यानं पुढच्या पत्रात कबूल केलं.

काकू दोन दिवस गुरुजींशी बोलल्या नाहीत. गुरुजींनी हुकूम काढला: "विनापरवाना कोपरा फाडण्यास सक्त मनाई." शेषरावानं मनाई मोडून पुढे त्याच दाढेचंही कार्ड पाठवलं, तेही वेणूच्याच अक्षरात. तोवर काकूंनाही सवय झाली होती.

माझं सहावं वर्ष. दिवाळीच्या आधी शेषरावाचा लहानसा अर्ज आला: ताप येतो, हात चालत नाही, सबब महिनाभर अर्ज करण्यापासून सूट मिळावी. गुरुजींनी तो नामंजूर केला. मग खरंच महिनाभर काही आलं नाही. गुरुजी रोज डाकेच्या वेळी खिडकीतून रस्त्याकडे पाहत. विचारलं की म्हणत, "रुसला. लिहीन तो."

आणि एका शनिवारी शाळेतच कार्ड आलं. कोपरा फाटलेला. वेणूचं अक्षर. "आमचे वडील शेषराव हे तापाने वारले. तेरावा शुक्रवारी आहे. कळावे."

गुरुजींनी ते आम्हाला वाचून दाखवलं आणि ते हसले. हे दुसरं हसणं. महिनाभराची काळजी त्या हसण्यातून बाहेर पडत होती. म्हणाले, "पाहा मास्तर, कसं कोरडं लिहिलं. एक शब्द जास्तीचा नाही. इतके वर्ष मी त्याले सांगून राह्यलो होतो का विनोद कोरडा पाहिजे. शिकला बेटा." आम्ही तिघंही मास्तर हसलो. या कार्डात थट्टेची एकही जागा नाही, हे मला दिसलं होतं. पण मीही हसलो.

संध्याकाळी घरी काकूंनी मात्र कार्ड हातात घेऊन दोनदा पाहिलं. "यावेळी मले बरोबर नाही वाटत. एकदा जाऊन तं या."

"गेलो तं जिंकला तो," गुरुजी म्हणाले. "दारात उभा राहून म्हनन, कचेरी आली धावत."

त्यांनी सोमवारी हुकूम काढला. इतका सुंदर हुकूम त्यांनी आधी कधी लिहिला नव्हता. नवं रताळं आणून शिक्का कोरला, आणि लिफाफा गेला.

त्याचं उत्तर शेषरावाच्या थोरल्या भावाकडून, पुंडलिकजींकडून आलं. चार ओळी होत्या. आमचे बंधू वारले. तुमचे पत्र तेराव्याच्या दिवशी पाने वाढलेली असताना आले. दुखवट्याचे असेल म्हणून सगळ्या भावकीसमोर वाचायला लावले. यापुढे आमच्या घरी कागद पाठवू नये.

गुरुजींनी ते नेहमीप्रमाणे उभ्यानं वाचलं. मग खुर्चीत बसले. डोक्यावरचं पागोटं काढून टेबलावर ठेवलं. शाळेत त्यांचं उघडं डोकं मी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणाले, "मास्तर, पोरांले सोडा."

पुढचे दिवस वाईट गेले. ते वर्गावर जात, शिकवत, पण "कागद येऊ द्या" म्हणेनासे झाले. पोरं अर्ज घेऊन आली की नुसती मान हलवत. एकदा मी काही समजावायला गेलो, तर म्हणाले, "माहा पोरगा गेला तवा त्यानं एक शब्द धाडला नाही. टोपलं धाडलं. त्याले समजत होतं. अन् तो गेला तं मी काय धाडलं? शिक्का मारून थट्टा धाडली." खरं होतं ते.

त्याच सुमारास माझ्या बदलीचा कागद आला. जळगाव जामोदला जायचं होतं. बायको-मुलीला मेहकरला पोचवून मी एकटा निघणार होतो. आदल्या दिवशी गुरुजी माझ्या बिऱ्हाडी आले.

"तुमच्या वाटेवर वरवट लागते," ते म्हणाले. "मी येतो सोबत."

"पुंडलिकजींनी कागदसुद्धा पाठवू नका म्हटलंय, गुरुजी. दारातून परत लावतील."

"लावू द्या. तो कागद मले परत आनाचा हाय. ज्या घरातून मानूस गेला, त्या घरात माही ते थट्टा राहू नये. अन् त्या माउलीसमोर एकदा उभं राहाचं हाय. मंग ते काय म्हनन ते म्हनन."

घाट उतरून मोटारीनं खामगाव, शेगाव आणि पुढं भाड्याची बैलगाडी. शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. पूर्णेचं पाणी गुडघ्याएवढंच होतं. गुरुजींनी तिथं उतरून तोंड धुतलं, पागोटं पुन्हा नीट बांधलं. वाटेत दोनदा मला विचारलं, "मास्तर, आधी काय म्हनू?" दर आठवड्याला सबंध जिल्ह्याला हसवणारा लेखक, त्याला एक वाक्य जुळत नव्हतं. मी म्हटलं, चूक झाली एवढं म्हणा.

शेषरावाचं घर गावाच्या कडेला, मळ्याला लागून. ओट्यावर पुंडलिकजी बसले होते. तसेच रुंद, तसेच मातकट हात. भाऊच तो. गुरुजी जोडे काढून अंगणात उन्हात उभे राहिले.

"मी अमडापूरचा."

पुंडलिकजींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कागद धाडू नका म्हटलं, तं सोता आले काय?"

"हाव."

"काऊन?"

"माही चूक झाली. मले ते खरं नाही वाटलं. तेवढा कागद परत द्या, मी जातो."

पुंडलिकजी जागचे हलले नाहीत. बसा म्हटलं नाही. मला तिथं उभं राहणं जड झालं. गाडीवाला माझ्याकडे पाहत होता, त्याला दिवस मावळायच्या आत पुढचा मुक्काम गाठायचा होता.

दाराआड बांगडीविना हात दिसला. शेषरावाची बायको, सोनाबाई. मोठ्या दिरासमोर बाई बोलत नाही, म्हणून ती आतल्या मुलीला म्हणाली, "वेणू, त्यायले विचार, अमडापूरची कचेरी म्हंतात ते हेच काय?"

वेणू दारात आली. पंचविशीची, माहेरी राहिलेली, डोळे सुजलेले. तिनं विचारायच्या आधीच गुरुजी म्हणाले, "हाव. मीच तो."

"मंग त्यायले ओट्यावर बसू दे. अन् तो कागद आन."

पुंडलिकजी काही म्हणणार होते, पण भावजयीनं इतकं बोलावं हेच त्यांना नवं असावं. ते थोडे सरकले. गुरुजी ओट्याच्या काठावर टेकले. वेणूनं कोनाड्यातून कागद आणला. वर जांभळट शाईचा तो रताळ्याचा शिक्का होता. तो पाहून गुरुजींनी डोळे मिटले. कागद घेतला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला.

"फाडाच्या आधी वाचा म्हना," आतून आवाज आला.

"वहिनी, ते नका सांगू," गुरुजी म्हणाले.

"वेणूनं वाचला तवा तिले रडू येऊन राह्यलं होतं. अर्धा समजला नाही. ज्यानं लिहिला त्याच्या तोंडून आयकाचा हाय."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. शनिवारी आमच्यासमोर वाचत त्याच आवाजात, त्याच चेहऱ्यानं. त्यांच्याजवळ दुसरा आवाज नव्हता.

"हुजूर कचेरी, मुक्काम घाटावर. घाटाखालचा रयत शेषराव हा मयत झाल्याचे कळले. सदर मरणासाठी अर्जदाराने पूर्वपरवानगी घेतलेली नाही. अर्जदाराकडे कचेरीची बरीच उत्तरे येणे बाकी आहेत. अर्जदाराची जागा चालविण्यास जिल्ह्यात दुसरा लायक इसम नाही. सबब सदर मरण नामंजूर करण्यात येत आहे. अर्जदाराने हा हुकूम पोचताच..."

इथं ते थांबले. पुंडलिकजी मळ्याकडे पाहत होते. गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून ती ओळ घेतली. "अर्जदाराने हा हुकूम पोचताच, असेल तिथून निघून हजर व्हावे."

वेणूनं पदर तोंडाला लावला होता.

मग सोनाबाई दारात आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण या वेळी ती वेणूला मध्ये न घेता गुरुजींशीच बोलली, दिरासमोर.

"गुरुजी, तेरा दिवस हे घर मानसानं भरेल होतं. जो ये तो म्हने, देवाची मर्जी. जो ये तो म्हने, सुटला, तापातून मोकळा झाला, आता तुमी मन घट्ट करा. सख्खी मानसं हायेत, खोटं कशाले बोलतीन? मी समद्यायले हाव म्हटलं. पन एकानंबी असं नाही म्हटलं का हे झालं ते चालत नाही. ते एकट्या तुमच्या कागदात होतं."

गुरुजींनी चष्मा काढला.

"भाऊजीचा राग बराबर हाय," ती म्हणाली. "चार मानसात वाचला गेला. पन मी रातंदिवस तेच म्हनून राह्यली होती मनात, मले लिहिता येत नाही म्हनून. तो कागद फाडू नका. द्या इकडं."

गुरुजींनी कागदाची घडी केली. घडी वाकडी पडली, ती त्यांनी उलगडून पुन्हा केली. मग उठून कागद तिच्या हातात दिला. पुंडलिकजी उठले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या आणून गुरुजींच्या बाजूला ठेवून पुन्हा आपल्या जागी बसले. पाणी घ्या, असं काही ते म्हणाले नाहीत.

गुरुजींनी मला खूण केली, निघू या. ते जोड्यांकडे वळले.

"अन् तुमी कुठं चालले?" सोनाबाई म्हणाली. "त्यायले हजर व्हाचा हुकूम दिला हाय ना तुमी? मंग थोडा वेळ बसा तं खरे."

गुरुजी जोड्यांपाशी तसेच उभे राहिले. मग परत येऊन ओट्यावर बसले.

मला थांबता येत नव्हतं, गाडीवाल्यानं बैल जुंपले होते. मी सोनाबाईंना नमस्कार केला, गुरुजींच्या पायाला हात लावला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते अमडापूरला केव्हा परतले, पुन्हा काही लिहिलं का, हे मी इतरांकडून थोडंफार ऐकलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

गाडी वळणावर आली तेव्हा मी मागं पाहिलं. पुंडलिकजी आणि गुरुजी ओट्यावर शेजारी बसले होते, आणि दोघांचीही तोंडं मळ्याकडून घरी येणाऱ्या वाटेकडे होती.